आईचा जबाब

ती घटना आजही जशीच्या तशी आठवते. नव्वदचं दशक होतं. बेळ्ळंदूर तळ्याच्या बाजूला तेव्हा काचेच्या इमारती नव्हत्या, नाचणीची शेतं आणि गोठे होते. त्या भागाच्या ठाण्यात मी सबइन्स्पेक्टर होतो.

सकाळची हजेरी चालू असतानाच सरकारी हॉस्पिटलातून मेमो आला. शेतकरी, नारळाच्या झाडावरून पडून गंभीर जखमी. हेड कॉन्स्टेबलला मी गावात पाठवलं आणि जबाब घ्यायला स्वतः हॉस्पिटलात गेलो.

जखमी बेशुद्ध होता. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. "साहेब, झाडावरून पडलेल्याच्या पोटावर अशी खूण नसते. घरचे डोक्याला मार म्हणून सांगतायत. अंगावरून काही गेलं असेल, तर पोट आत्ताच उघडायला हवं. नक्की काय झालं ते मला कळू द्या, नाहीतर माणूस हातचा जाईल."

बाहेर बाकावर जखमीची आई आणि बायको बसल्या होत्या. मी कन्नडमध्ये विचारलं. दोघींनीही एकच वाक्य शब्दाला शब्द सांगितलं, "माडावर चढले आणि पाय घसरला." खरं बोलणारा माणूस अडखळतो, मागचं पुढं करतो. घडाघडा येतं ते पाठ केलेलं असतं.

तेवढ्यात हॉस्पिटलच्या चौकीतल्या वायरलेसवर हेड कॉन्स्टेबलचा निरोप आला. "सर, दारात एकच माड आहे, तोही ठेंगणा. उभ्याउभ्या नारळ काढता येतो. त्यावरून मांजर पडलं तरी लागायचं नाही. आणि खळ्यावर नाचणीची मळणी अर्धवट टाकलेली आहे."

मी परत बाकापाशी आलो. आवाज चढवून विचारलं, "कुणाला वाचवताय तुम्ही?" सून काहीतरी बोलायला गेली. म्हातारीनं तिचं मनगट आवळलं आणि कुजबुजली. मराठीत!

"तोंड उघडू नको गं. ट्रॅक्टर म्हणालीस तर पोलीस धाकट्याला धरून न्हेतील. मारून टाकतील. एक तरी लेक राहू दे मला."

बंगळूरच्या आसपास पिढ्यान् पिढ्या स्थायिक झालेली अशी घरं आहेत. बाहेर कन्नड, चुलीपाशी मराठी. खाकीतला माणूस आपली घरची भाषा जाणत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. माझं गाव तर बेळगावकडचं.

मी खाली बसलो. "अज्जी, मी मराठीच आहे. सगळं ऐकलं मी."

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. अहो, मला वाटलं, आता हिलाच आत न्यावं लागतंय!

"हा अपघात आहे," मी म्हणालो. "गुन्हा नोंदवावा लागेल, पण तो जामिनाचा आहे. जामीन ठाण्यातच होतो. धाकटा संध्याकाळपर्यंत घरी येईल. त्याच्या अंगाला कुणी हात लावणार नाही."

"पोलीस असंच गोड बोलतात," सून म्हणाली. माझ्याकडे बघायचं धाडस नव्हतं तिला, बोलली मात्र स्पष्ट.

आत माणूस मरत होता आणि बाहेर त्याचीच आई एका लेकासाठी दुसऱ्याला सोडून द्यायला निघाली होती, ती आमच्या भीतीनं.

दार उघडलं. डॉक्टरीणबाईंनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

म्हातारी उठली. दोन्ही मनगटं जोडून तिनं माझ्यापुढं धरली. "मला धरा. ट्रॅक्टर मीच आणायला लावला होता. मळणी चालली होती. थोरला पेंढ्या सारत होता, धाकट्यानं मागं घेतला, चाक पोटावरनं गेलं. धाकटा गोठ्यात दडलाय. त्याला मारू नका, पाया पडते."

मी तिचे हात खाली केले. डॉक्टरीणबाई तशाच आत पळाल्या.

धाकटा गोठ्यात वैरणीमागं सापडला. ठाण्यात आणला तेव्हा एकच विचारत होता, "अण्णा आहे ना?" गावातले पुढारी जामीन राहिले आणि संध्याकाळी मी स्वतः त्याला घरी पोहोचवलं. मळणी शेजारच्यांनी पाळीपाळीनं उरकून दिली, त्यासाठी मी गावात चार माणसांशी बोललो. थोरला वाचला. पुढं काठी टेकत का होईना, शेतावर जायला लागला.

अधूनमधून मी त्यांची विचारपूस करायला जायचो. म्हातारी मला ताक द्यायची, हसून बोलायची. त्या एका प्रकरणानं मला शिकवलं, ते असं की जबाब घेण्याआधी समोरच्याला आपलीच किती धास्ती आहे ते पाहावं. पुढं नोकरीभर मी तसंच करत आलो. पण त्या घरी मात्र, दारात माझी जीप थांबली की म्हातारी आधी धाकट्याच्या पुढं येऊन उभी राहायची, आणि मगच मला "या" म्हणायची.