फियाटला कुणी हात लावला?

वसमतला हळदीच्या एका रिकाम्या गोदामात आमची चौघांची शेड आहे. जुन्या गाड्या ज्याच्या त्याच्या, पाने-पेचकस सगळ्यांचे, किल्ली प्रत्येकाकडे. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या चाचांची जीप, दवाखान्यातल्या नर्सताईंची मारुती, एसटीतून रिटायर झालेल्या ड्रायव्हरकाकांची अँबेसिडर आणि माझ्या बाबांची फियाट.

आई गेल्यापासून बाबा उंबऱ्याबाहेर पडले नव्हते. कुणी बोलवायला आलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मला तर धडकीच भरली होती. शेवटी एकदा म्हणाले, "फियाट सुरू झाली तर सिद्धेश्वरला येईन, धरण बघायला." मग काय, मी हात धुऊन गाडीच्या मागे लागले. शनिवारी इंजिन असं गोड चाललं, की चाचांनी सगळ्यांना चहा पाजला.

रविवारी सकाळी शेडमध्ये सगळ्यांसमोर किल्ली फिरवली. खर्र खर्र, बस्स. पुन्हा तेच. तिकडे घरी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले! माझं डोकंच फिरलं. "फियाटला कुणी हात लावला?"

चाचा म्हणाले, "बेटी, कार्बोरेटरचा इस्क्रू फिरवला जरासा. आवाज बराबर वाटला न्हाई." नर्सताई खाली बघत म्हणाल्या, "मी प्लगचा गॅप कमी केला. थोडाच हं." काकांनी तर इंजिनात ठिणगी कधी पडावी, ते टायमिंगच हलवलं होतं. शनिवारच्या चहानंतर तिघंही एकेकटे शेडमध्ये येऊन गेले होते, आणि तिघांनाही गाडी आणखी छान करून द्यायची होती.

"चालत्या गाडीत काहून बोटं घालता तुमी?" मी ओरडले. रडूच येऊन राहिलं होतं.

बाबांना फोन केला. आता ते शर्ट काढून पुन्हा आडवे होणार, हे मला ठाऊक होतं. तरी झालं ते सगळं सांगितलं.

"टायमिंग हलवलं? काहून?" एवढं बोलून त्यांनी फोन बंद केला.

थोड्या वेळानं दारात ऑटो थांबला. बाबा बाह्या वर करतच उतरले. "कोण तो टायमिंगवाला?"

"मीच की," काका म्हणाले, आणि दोघांची जी जुंपली म्हणता! चाचा मध्ये पडले, तर त्यांनाही बोलणी बसली. मी पुढे झाले तर म्हणे, "सरक बाजूला, उजेड अडवून राहिली तू." कितीतरी महिन्यांनी बाबा माझ्यावर खेकसले. इतका आनंद झाला मला! मुकाट्यानं बाजूला झाले.

फियाट त्या दिवशी सुरू झालीच नाही. दुपारी नर्सताईंनी डबा उघडला, तेव्हा बाबा काळे हात पुसत म्हणाले, "सिद्धेश्वर काय पळून चाललंय? उद्या किती वाजता उघडता तुमी हे?"