शेवळांत काकडं नव्हती

मंडळी, 'पालेभाज्या खा, मेंदू तल्लख ठेवा' हा मेसेज आज सकाळीच पाच ग्रुपांवर आला. कळंबची आमची आई जन्मभर रानभाज्या खात आली, म्हणून मी निर्धास्त होतो.

दुपारी तिने शेवळांची रानभाजी केली. शेवळांची खाज मारायला काकडं ही आंबट रानफळं घालतात, हे अख्ख्या आळीला तिनेच शिकवलेलं. आज घातलीच नव्हती. पहिल्याच घासाला घसा पेटला.

बायकोने हळूच विचारलं, "आई, काकडं राहिली काय?"

"कसली काकडं गं?" आई म्हणाली आणि मला भाजी वाढत राहिली.

ती जेवायला बसायच्या आत उरलेली भाजी मीच संपवली.

तुमच्या घरी पहिल्यांदा काय विसरलं गेलं होतं?