पंचेचाळीस मिनिटांचं विमान

त्या दुपारी मी एका आरोपीला स्वतःच्या हातानं चहा दिला, हे मी कधी विसरलो नाही. तेव्हा मी कुरखेडा भागात ठाणेदार होतो.

धानशेती करणारे एक वयस्क गृहस्थ आदल्या सकाळी वडस्याला म्हणून निघाले आणि परतलेच नाहीत. साखरेचा आजार, रोजचं इंजेक्शन घरीच राहिलेलं. त्याशिवाय ते फार तर दोन दिवस काढतील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सकाळी आठला त्यांच्या पत्नीनं मिसिंग नोंदवली आणि ठाण्यातूनच पुण्याच्या पुतण्याला फोन केला. दोन वाजता पुतण्या हजर! दहाचं विमान, पंचेचाळीस मिनिटांत नागपूर, पुढे सव्वातीन तास टॅक्सी, असं त्यानं सांगितलं. वेळ जुळत होती. मी स्वतः कधी विमानात बसलो नव्हतो, म्हणून निमूट मान डोलावली आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. गाढवपणाच तो.

तो हात धुवायला गेला तशी त्याची काकू पुढे आली. "साहेब, आमचा माणूस वडस्याहून आला तरी गाडी कुठी थांबली, कोन भेटलं, सारं सांगते. हा पुण्याहून आला अन् नुसते मिनिटं सांगून राह्यला. काऊन?"

मी नागपूरच्या एका सहकाऱ्याला फोन लावला. तो हसला. म्हणाला, पुण्याहून सव्वा ते दीड तास लागतो, शिवाय तासभर आधी पोहोचावं लागतं.

विमान कंपनीकडे प्रवाशांची यादी मागणारं पत्र लगेच पाठवलं, पण उत्तराला दिवस लागणार होते. पुतण्याला समोर बसवलं. आवाज चढवला नाही.

"घरून निघाल्यापासून सांग. बॅग कुठं तपासली? शेजारी कोण बसलं होतं?"

"सहाशे किलोमीटर, साहेब. पंचेचाळीस मिनिटं."

"ते समजलं. शेजारी कोण?"

तिसऱ्यांदाही तेच ऐकल्यावर मी त्याचा मोबाईल मागितला. दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाचा वेग त्यानं शोधला होता, पण आदल्या दुपारी. काका हरवल्याचा फोन तर त्याला आज सकाळी आला होता. मी मोबाईलचा स्क्रीन त्याच्यापुढे धरला. दहा मिनिटांत तो रडायला लागला. जमिनीच्या कागदावर अंगठा हवा होता, म्हणून काकांना सिंदेवाहीत एका भाड्याच्या खोलीत कोंडलं होतं.

सिंदेवाही ठाण्याला फोन केला आणि आम्हीही जीप काढली. तिथल्या शिपायांनी कुलूप तोडलं तेव्हा म्हातारा बेशुद्ध होता, पण श्वास चालू होता. आठवडाभरानं दवाखान्यातून घरी गेला.

चौकशीत मी पुढे कधीच नुसती वेळ विचारली नाही, वाट विचारली. खरंच चाललेल्या माणसाला वाटेतला कंटाळासुद्धा आठवतो.

विमान कंपनीचं उत्तर चौथ्या दिवशी आलं. यादीत त्याचं नाव नव्हतं. मी त्या कागदाची वाट पाहत बसलो असतो, तर तो म्हाताऱ्याच्या मरणोत्तर पंचनाम्याला जोडावा लागला असता.