आठ घड्यांचा तुकडा

सुकलाल नाना पाव किलो टोमॅटो घ्यायचे तरी एकेक टोमॅटो उजेडाकडे धरून पाहायचे. उधन्याच्या मिलमध्ये एकतीस वर्षं काचेच्या टेबलावर, खालून दिवा लावून, त्यांनी कापडातले दोष शोधले. मी त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं होतो. "भाऊ, माल तोंड उघडस नही, तेनं पोट उघडनं पडस," हे त्यांचं पेटंट वाक्य.

म्हणूनच मुलीसाठी, स्वातीसाठी, जुनी कयाक घ्यायची ठरली तेव्हा मी त्यांना डुमसजवळच्या खाडीवर सोबत नेलं. स्वाती कयाक चालवायला शिकली होती आणि आता तिला कॉलेजच्या चमूबरोबर समुद्रात जायचं होतं. बायकोचा साफ विरोध होता. मी म्हटलं होतं, नाव पक्की निघाली तरच घेईन.

नाव सोळा फूट चार इंच भरली. विकणारा म्हणाला, वजन चोवीस किलो. माझ्या काट्यावर साडेपंचवीस.

"दीड किलो कसानं?" नानांनी विचारलं.

"काका, एक टीपुंय पाणी अंदर नहीं जाता. लिख के दूँ?"

"लिखेल कागद पाणीवर तरस का?"

सामान ठेवायचे दोन झाकणबंद कप्पे होते, पुढे एक, मागे एक. नानांनी पिशवीतून कोऱ्या कापडाचे दोन तुकडे काढले, आठ-आठ घड्या घातल्या आणि एकेका कप्प्यात तळाशी ठेवून झाकणं लावली. स्वातीने तासभर वल्ही मारली. परत आल्यावर नानांनीच झाकणं उघडली. पुढचा तुकडा कोरडा. मागच्याच्या वरच्या पाच घड्या कोरड्या, खालच्या तीन ओल्या.

"वरतीन नही, बुडखाले फूट शे," नाना म्हणाले.

विकणारा चिडला. "काका, पाणी की बॉटल तो आपके हाथ में है!"

बाटली खरंच त्यांच्या हातात होती. तुकडे त्यांनीच ठेवले, त्यांनीच काढले. आणि आदल्याच दिवशी माझ्या बायकोने त्यांना मांड्यांचा डबा नेऊन दिला होता. एरवी मांडे दिवाळीलाच होतात. वाटेत स्वाती रडली. मी नानांना गोडादऱ्याला घरी सोडलं, पण चहाला न थांबता परत फिरलो.

पुढच्या रविवारी त्यांना न सांगता मी स्वातीला घेऊन पुन्हा गेलो. विकणारा आनंदाने तयार झाला. कापड माझं, घड्या माझ्या, झाकणांवर चिकटपट्टी माझी, पाण्याची बाटली घरी. तासाने मागचा तुकडा काढला. तळाच्या चार घड्या ओल्या. मग मी नाव उलटी करून नखाने खरवडली. ताज्या रंगाखाली वीतभर लांब थिगळ होतं. दीड किलोचा हिशोब लागला.

सोमवारी मी नानांकडे गेलो. संशय, मांडे, बाटली, सगळं सांगून टाकलं आणि मान खाली घालून बसलो.

नाना बराच वेळ हसले. "डबा दिधा तधळ तुनी बायको काय बोलनी, म्हाईत शे? 'नाना, नाव चांगली निघनी तर खोटं सांगू नका, पोर रुसी.'" मग माझ्या पाठीवर थाप मारली. "मन्हावर बी इस्वास नही ठेवा ना? मंग मन्हं शिकाडेल वाया नही गयं."

चार महिन्यांनी दुसरी कयाक घेतली. ती पाहायला नाना राहिले नव्हते. समुद्रावर जाताना स्वाती दोन्ही कप्प्यांत आठ घड्यांचे तुकडे ठेवते. ती पाठमोरी झाली की मी झाकण उघडून ते हाताने चाचपतो. परवा तिने पाहिलं. मी लावलेलं झाकण तिने पुन्हा उघडून तपासलं.