गौरीचा खोकला

खोकावं आणि आमच्या मामेसासऱ्यांच्या काढ्यातून सुटावं, असा जीव बेंगळुरूत अजून जन्मायचाय. राजाजीनगरातलं त्यांचं घर पिढ्यानपिढ्यांचं, मागे पत्र्याच्या गोठ्यात लाडकी गौरी आणि गॅसवर आडुळसा, आलं, मिरी नि गूळ घातलेलं पातेलं सदैव उकळत. नुसतं खाकरलं तरी "स्वल्प घ्या जावईबापू!" म्हणत ते पेला थेट तोंडाला लावतात आणि रिकामा झाल्याशिवाय हात मागे घेत नाहीत. एकदा सिलिंडरवाला दम लागून खोकला, तर त्यालाही पाजला. तेव्हापासून तो बिचारा सिलिंडर फाटकाशी ठेवून, बेल दाबून पळ काढतो.

तेव्हा गौरी खोकू लागल्यावर तिची सुटका कुठली! मी त्या रविवारी सर्जापूर रोडवरच्या माझ्या घरून त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. मामांनी तिची मान उंच केली, जीभ बाहेर ओढून धरली आणि काढ्याची अख्खी बाटली घशात ओतली. गाय ठसकली, तिने डोळे पांढरे केले. "ठसका लागला म्हणजे गुण येतोय," मामा म्हणाले. सकाळ-संध्याकाळ असंच पाजतात, हे मामींनी वर कौतुकाने सांगितलं.

बुधवारी मामींचा रडत फोन आला, तसा मी ऑफिसातून तडक निघालो. गौरी मान लांब करून तोंडाने श्वास घेत होती आणि नाकाला आलेल्या फेसाला चक्क आडुळशाचा वास! जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, काय पाजलं ते विचारलं. मामांनी अभिमानाने बाटली पुढे केली.

"अण्णा, जीभ ओढून धरली तर ती गिळणार कशी? हे सगळं फुफ्फुसात गेलंय. साधा खोकला होता, आता न्यूमोनिया झालाय. वाचेल की नाही, आज सांगता येत नाही."

मी हादरलोच. एरवी कुणाचंच न ऐकणारे मामा मटकन खाली बसले.

"म्हणजे... मीच?"

मामी म्हणाल्या, "सरी, झालं ते झालं. आता डॉक्टरीणबाईंना इंजेक्शन तरी देऊ द्या."

गौरी वाचली. रवंथ करते, मामींच्या हातून चारा खाते. पण मामा जवळ आले की मान वर करून भिंतीपर्यंत मागे सरते. ते रोज सकाळी तळहातावर गूळ घेऊन गोठ्याच्या दारात उभे राहतात. "घेईल हो, घाई कसली," असं मलाच समजावतात, आणि मला फार वाईट वाटतं. मग गूळ घमेल्यात ठेवून ते घरात जातात. ते दिसेनासे झाले, की ती खाते.