वरच्या बोअरचं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय — कोण जाणे. तुम्ही त्या रस्त्याने कधी जाणार नाही, म्हणूनही असेल.

आता घरी फिल्टरचं पाणी आहे. पण जीभ अजून मागते ते पार्बताबाईच्या विहिरीचं. काय गोड पाणी होतं, माय! मोहाच्या सावलीतली विहीर, तिच्या नवऱ्याने स्वतः खणलेली. पार्बताबाई माझ्या नात्याची नव्हे. मला बहीण नाही. तिने पहिल्याच दिवशी ‘ये भाऊ, बस’ म्हटलं आणि पाण्याचा गडवा पुढ्यात ठेवला. आमच्या झाडीपट्टीत आल्यागेल्याला आधी पाणी, मग विचारपूस. त्या गडव्यासाठी मी अजून झुरतो. हसू नका.

तिचं घर शहराच्या कचरा डेपोच्या खालच्या अंगाला, धानाच्या बांध्यांपाशी. आणि माझं काम — त्या डेपोपायी जमिनीतलं पाणी नासतंय का, हे तपासायला नमुने नेण्याचं. डेपोच्या वरच्या अंगाला, चढावर एक बोअर, खाली उतारावर एक. वरचा चांगलं पाणी कसं असतं ते दाखवणार, खालचा कचऱ्याने त्याचं काय केलं ते. खालच्यात बिघाड दिसला, की आसपासच्या विहिरींना धोका. इतकं साधं. फक्त बोअरमध्ये साचलेलं पाणी आधी उपसून टाकावं लागतं. ताजं वर आलं, की मगच बाटली भरायची. दोरीला नळकांडं बांधून उपसत राहायचं — घाणीत, माश्यांत, कुत्र्यांच्या गराड्यात.

सुरुवातीला उपसायचो. खरंच उपसायचो. मग एका मे महिन्यात दोरी तुटली, नळकांडं आत गेलं. साहेबांना सांगितलं असतं, तर दुसरं मिळालं असतं. मी काय केलं? दोन्ही बाटल्या वरच्याच बोअरच्या भरल्या. एकीवर ‘वरचा’ लिहिलं, एकीवर ‘खालचा’. कुणी काही विचारलं नाही. पुढच्या खेपेला हातात नवं नळकांडं होतं — तरी वरूनच भरलं. मग दर खेपेला तेच. आणि नंतर तर भीतीच बसली. आता खरं पाणी दिलं आणि एकदम बिघाड निघाला, तर आधीचं काय सांगू? चोराच्या मनात चांदणं.

आणि तो वाचलेला वेळ मी कुठे घालवायचो, माहीत आहे? पार्बताबाईच्या ओसरीवर. अंबाडीची भाजी, गरम भात, आणि तिची थट्टा — “भाऊ, तुझं काम आजकाल भल्लं लवकर होऊन राह्यलं!” मीही हसायचो. माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा वेळ तोच. तिच्याच विहिरीच्या राखणीतून चोरलेला. मला अजून तीच ओसरी आठवते.

मग तिची सून बाळंत झाली. सुनेने रीतीप्रमाणे विहीर पुजली, काठाला हळदकुंकू वाहिलं. त्याच उन्हाळ्यात पार्बताबाईने मला विचारलं, “भाऊ, पाण्याले कसातरी वास येऊन राह्यला. तू तं बाटल्या भरून नेतं, तुले मालूम असंन. लेकराले आंघोळ घालावं ना?”

“पाणी तळाले गेलं का असाच वास येते, बाई. खुशाल घाला.”

हे मी म्हणालो. मीच.

तिने रोजच्यासारखा गडवा पुढे केला. मी तोंडाशी नेला — आणि खाली ठेवला. ‘तहान नाई’ म्हणालो. मे महिन्यात, भर दुपारी, घामाने भिजलेला माणूस! तिने गडव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो आत नेला. मी उठलो. डेपोवर जाऊन त्या दिवशीही खालची बाटली वरूनच भरली. हे सांगणं मला सगळ्यात जड जातंय.

लेकराच्या अंगभर पुरळ उठलं, पोट सतत बिघडायचं. पाण्यानेच का? मला माहीत नाही. ते माहीत करून घेणं, हेच तर माझं काम होतं.

पुढे गावकऱ्यांनी ओरड केली, दुसराच माणूस आला, त्याने नीट उपसून नमुना नेला. बिघाड निघाला, विहीर बंद झाली. पार्बताबाई घरच्यांना घेऊन सिंदेवाहीकडे भावाच्या गावी गेली. सख्ख्या भावाच्या.

गेल्या वर्षी मी तिथे गेलो. सगळं सांगायचं, असं ठरवूनच गेलो होतो. नातू अंगणात खेळत होता. त्याच्या हातांवर कोपरापर्यंत जुने काळे डाग होते. “ये भाऊ, बस,” ती म्हणाली. खाट टाकली. माझ्या बायकोची, पोरांची चौकशी केली. सुनेला चहा ठेवायला सांगितलं. मी पोरांच्या शाळेचंच सांगत राहिलो.

चहा आला. पाणी आलं नाही. कोपऱ्यात माठ होता, माठावर तोच गडवा पालथा. ती तिथेच, माठाशेजारी बसली होती.

मला फार तहान लागली होती. मी पाणी मागितलं नाही.