महादूनं आवळलेले नट

१९९५ च्या मे महिन्यात आमची प्लॅटून काश्मीर खोऱ्यात रस्त्याच्या बंदोबस्ताला होती. मी हवालदार. आमच्या घरातला पहिला पदवीधर, बी.ए., आणि ते सांगायला मी विसरत नसे. म्हणून नाईक महादू मला मास्तर म्हणायचा. महादू तासगावकडचा, आमच्या थ्री टन गाडीचा, म्हणजे फौजी ट्रकचा, ड्रायव्हर.

जानेवारीत आम्ही दोघं एकदमच सुट्टीवर आलो होतो. त्याच्या वडिलांचा, आबांचा, जुना ट्रॅक्टर बेदाण्याच्या शेडशेजारी अकरा वर्षं बंद पडून होता. महादू तीन सुट्ट्या तो जोडत होता. बायको, सुमन, एकेक पार्ट डिझेलमधे धुऊन पोत्यावर ओळीनं मांडून ठेवायची. ट्रॅक्टरचं पुस्तक इंग्रजी, म्हणून मला माझ्या गावाहून, मलकापूरहून, बोलावलं.

इंजिनाचं वरचं झाकण, हेड, बसवताना मी वाचत होतो, तो आवळत होता. कुठला नट आधी, किती जोरानं, सगळं पुस्तकात होतं. मी म्हणालो, अजून थोडा ओढ.

"पुस्तकाला हात हायत का, मास्तर?" असं म्हणून त्यानं ओढला.

इंजिन चालू झालं. आबांनी नारळ फोडला. सुमनला बसवून महादूनं द्राक्षबागेला फेरी मारली. चौथ्या दिवशी तेल दुधासारखं पांढरं झालं. इंजिनात पाणी उतरत होतं. आमची सुट्टी संपली होती. जूनमधे येऊन उघडतो, असं तो आबांना सांगून निघाला.

मे महिन्यातली ती दुपार. १४२० वाजता एका वळणावर आमची गाडी बंद पडली. डिझेलचा पाइप फुटला होता. मी वायरलेस सेटवर पोस्टला कळवलं.

"गाडी बंद. दस मिनट. ओव्हर."

"जल्दी करो. वहाँ रुकना नहीं. ओव्हर."

महादू बोनेटखाली शिरला. १४३१ ला उतारावरनं फायर आला. आम्ही सहा मिनिटं उत्तर दिलं. फायर थांबला तेव्हा महादू बंपरपाशी गोळी लागून पडलेला होता. पाइप बसवून, त्यातली हवा काढून झाली होती. गाडी पहिल्याच सेल्फला चालू झाली. तिच्यातनंच त्याला खाली नेला. एम.आय. रूमला, फौजी दवाखान्यात, पोचायच्या आधी तो गेला.

ऑगस्टमधे मी आबांकडे गेलो. ट्रॅक्टर ताडपत्रीखाली होता. एक मिस्त्री येऊन गेला होता. जोडणाऱ्यानं हेड नीट आवळलं नाही, असं तो म्हणाला आणि गावभर तेच झालं. आबांनी त्याला हाकलला होता.

"माझ्या पोराच्या हातचं हाय. कुणी पाना लावायचा न्हाई," ते मला म्हणाले.

पाणी आत तसंच होतं. आणखी महिनाभरात इंजिन गंजून जाम झालं असतं. ते आबांनाही कळत होतं.

मी पुस्तक मागून घेतलं. हेडचं पान काढलं आणि उलटलं. मागं दोनच ओळी होत्या. इंजिन चालवून गरम झाल्यावर सगळे नट पुन्हा आवळावेत. जानेवारीत मी ते पान उलटलं नव्हतं, म्हणून दुसऱ्यांदा आवळणं राहिलं आणि पाणी उतरलं. हे सांगायला मला चहा संपेपर्यंत वेळ लागला.

"आबा, त्यानं बरोबर आवळलंय. पुढचं पान मी वाचलंच न्हाई."

सुमन दारात तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजी लोक म्हणत्यात तसं न्हाई, भावजी?"

"न्हाई वहिनी. चूक माझी."

आबांनी पुस्तक माझ्याकडनं घेऊन मिटलं. मग म्हणाले, "गावात सांगशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी स्वतः नट सोडले. मला हात लावू दिला नाही. हेडखाली नवी गॅस्केट बसली, इंजिन चाललं, गरम झालं. मी दोन्ही पानं मोठ्यानं वाचली, आबांनी एकेक नट पुन्हा आवळला.

नाईक महादू, वय सत्तावीस. मागं वडील आणि पत्नी. त्याच्या कामात खोट नव्हती. नट सोडले त्याच्या आदल्या संध्याकाळी मिस्त्रीच्या दुकानापुढं मी हे चारचौघांत सांगितलं. इथं लिहूनही ठेवतो.